सातबारा पाहिला, हद्द पाहिली का?

उचगाव हे करवीर तालुक्यातले, कोल्हापूर शहरालगतचे गाव. अशा ठिकाणी घर घेताना आपण सातबारा पाहतो आणि इसार देऊन मोकळे होतो. पण जमीन कोणाची आणि किती, हे सातबारा सांगतो. ती कुठून कुठवर, हे सांगत नाही. शेजाऱ्याचे कुंपण दोन फूट आत सरकले, तरी उताऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहते.

हद्द कळते ती मोजणीने. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जमीनधारकाने अर्ज करायचा असतो. म्हणून विकणाऱ्यालाच तो करायला सांगावा. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूमापक जागेवर येऊन मोजणी करतो आणि हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो. हीच 'क' प्रत. जुनी प्रत दाखवली, तर त्यातल्या खुणा जागेवर आहेत का, तेही पाहावे.

हद्दीइतकीच पुराची रेषाही महत्त्वाची. पंचगंगेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपल्याला ठाऊक आहेत. जलसंपदा विभागाच्या पूररेषांच्या नकाशात निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो, निळ्या आणि लाल रेषांमधला नियंत्रित. आपली जागा कुठे येते, हे विचारून घ्यावे.

ही दोन्ही कामे इसारापूर्वीच करावीत. खरेदीखतानंतर निघालेली तूट भरून मिळणे कठीण.