‘मरी’ हा शब्द आणि प्लेगचा जंतु

जुन्या पत्रांत ‘मरी’ हा शब्द आला म्हणजे संपादक बहुधा टीपेंत ‘प्लेग’ असें लिहून मोकळा होतो. आमच्या मतें हें धाडस आहे. मरी हें पटकीचेंही नांव आहे व सरसकट सांथीचेंही. प्लेग म्हणावयाचा तर त्याचा जंतु सांपडला पाहिजे.

हा जंतु १८९४ च्या जूनमध्यें हाँगकाँग येथें यर्सिन यानें रोग्यांच्या गांठींतून काढला. जपानी पंडित किटासाटो यानेंही त्याच सुमारास तो पाहिल्याचें जाहीर केलें. गांठींतील द्रव कांचेवर पसरून रंगविला असतां सूक्ष्मदर्शकांत आंखूड कांड्या दिसतात. त्यांचीं दोन्ही टोंकें गडद, मध्य फिका. परंतु रूपावरून निर्णय करणें म्हणजे केवळ वळणावरून हस्ताक्षर ठरविण्यासारखें आहे. इतरही कांहीं जंतु असेच दिसतात. म्हणून तो वाढवून पाहतात. शरीराच्या उष्णतेहून कमी, सुमारें २८ अंशांवर तो चांगला वाढतो. मांसरसावर तूप तरंगत ठेवून भांडें न हालवितां राहूं दिलें, तर तुपाखालीं लोंबत्या तंतूंसारखी वाढ दिसते. मुंबईंत १८९६ च्या सांथींत हाफकिन यानें याच रीतीनें जंतु वाढवून लस केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. शेवटीं, केवळ याच जातीच्या जंतूंना फोडणारा विषाणु वाढीवर सोडतात. वाढ विरली कीं ओळख पटली.

मेलेल्या काळाचें काय? किर्गिझस्तानांतील कारा-जिगाच येथील दफनभूमींत १३३८-३९ सालचे सिरियाक लेखांचे दगड विलक्षण संख्येनें आहेत, आणि कांहींवर मृत्यूचें कारण ‘मौताना’, म्हणजे सांथ, एवढेंच कोरलें आहे. ती कोणती, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला. अखेर त्या भागांतील सात जणांच्या दांतांचे अवशेष तपासले. तिघांत प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला. हें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. राहिलेल्या चौघांस प्लेग नव्हता, असें मात्र यावरून ठरत नाहीं. डीएनए कालांतरानें नष्टही होतो.

आपल्याकडे दहनाच्या चालीमुळें असे दांत क्वचितच हातीं लागणार. तेव्हां कागदाचाच आधार. काखेंत वा जांघेंत गांठ, घरांत उंदीर पडणें, असा उल्लेख असेल तर प्लेगचा तर्क सबळ. ढाळ-वांती असेल तर पटकीचा. ज्यांच्या दप्तरांत असा मजकूर असेल त्यांनीं तो मूळ शब्दांसह, तिथि व गांव देऊन छापावा; ‘मरी’ तशीच राहूं द्यावी.