लॅपटॉप जागा झाला, पण वायफाय झोपूनच राहिलं!

(हा आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त ‘अं… म्हणजे…’ तेवढं काढलंय. बसमध्ये नेटवर्क नसेल तर सेव्ह करून ठेवा.)

आजचा एपिसोड दाभोळहून. मागे पावसाचा आवाज येतोय, तो एडिट करून गेला नाही, सांभाळून घ्या.

दाभोळ म्हटलं की बाहेरचे लोक लगेच विचारतात, “ते एन्रॉनवालं?” हो, तेच. खरं तर तो वीज प्रकल्प आमच्या गावात नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. नाव मात्र आमचं लागलं. १९९९ मध्ये त्याचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि नव्या कंपनीच्या हाताखाली पुन्हा वीज निघायला २००६ उजाडलं. बंद करायला एक निर्णय पुरला, सुरू करायला पाच वर्षं लागली. हे आज सांगतोय कारण आपला विषय छोटा असला तरी जात तीच आहे. बंद करणं सोपं असतं, पुन्हा नीट सुरू करणं अवघड असतं.

झालं काय?

श्रावणातली गोष्ट. मी घरून काम करत होतो. माझा जुना लॅपटॉप मी आत्तेबहिणीला दिला होता. तिचा इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी लाइट गेली. तिने शहाणपणा केला, बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉपचं झाकण लावलं. चार वाजता उघडला तर स्क्रीन आली, फॉर्मचं पान जसंच्या तसं, पण वायफाय गायब. राउटर इन्व्हर्टरवर चालू होता. मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तोही दिसेना. नेटवर्कची यादीच रिकामी.

रिस्टार्ट केलं, तेच. बॅटरी ११ टक्के. आत्या म्हणाली, “अरे, कार्ड गेलं असेल त्याचं.” बहीण रडकुंडीला आलेली. “दादा, आता काय?” शेवटी फॉर्म माझ्या मोबाइलवर भरला. इवल्याशा स्क्रीनवर कॉलेजांचे कोड बघत बघत. ४ वाजून ४७ मिनिटांनी कन्फर्म झाला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवला. उत्तर मिळालं, “वायफाय कार्ड गेलंय, कदाचित मदरबोर्ड. ठेवून जा.” मी ठेवला नाही. कारण रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी तोच लॅपटॉप घरी नेटला जोडला गेला होता. मेलेलं कार्ड सकाळी उठून कामाला लागत नाही. म्हणजे हे झोपेतून न उठण्याचं प्रकरण होतं.

आजच्या एपिसोडमधून एवढंच घेऊन जा: झाकण उघडल्यावर वायफाय गेलं, तर पैसे काढण्याआधी कार्ड मेलंय की उठलं नाहीये, हे तपासा.

झाकण लावल्यावर आत काय होतं?

आमच्याकडे मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात, घर उघडतात, मग परत बंद करून जातात. जाताना काय करतात? आधी पंखे, फ्रीज, विहिरीवरचा पंप बंद, आणि सगळ्यात शेवटी मेन स्विच. परत आल्यावर उलटं, म्हणजे आधी मेन स्विच, मग एकेक वस्तू.

कॉम्प्युटरही असंच करतो. झोपायची वेळ झाली की ऑपरेटिंग सिस्टम प्रत्येक ड्रायव्हरला सांगते, ‘आवरून घे.’ आधी टोकाची उपकरणं झोपतात, मग ती ज्या मार्गावर जोडलेली आहेत ते मार्ग. उठताना क्रम उलटा. ड्रायव्हर म्हणजे काय, तर त्या एका उपकरणाची भाषा जाणणारा प्रोग्रॅम.

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला झोपताना तीन कामं असतात. नवीन डेटा पाठवणं थांबवायचं. कार्डाच्या सेटिंग्ज मेमरीत नोंदवून ठेवायच्या. आणि कार्डाला कमी विजेच्या अवस्थेत पाठवायचं. या अवस्थांना नावं आहेत. डी-झिरो म्हणजे पूर्ण जागं. डी-थ्री म्हणजे गाढ झोप. डी-थ्रीचेही दोन प्रकार आहेत: हॉटमध्ये वीजपुरवठा असतो पण काम बंद, कोल्डमध्ये मुख्य पुरवठाच तुटतो.

आता विहिरीचा पंप आठवा. महिनोन्‌महिने बंद राहिला की पाइपातलं पाणी खाली उतरतं. मेन स्विच दिला, मोटर घूं घूं करते, पण पाणी येत नाही. बादलीने पाणी ओतून आधी पंप भरून घ्यावा लागतो. वायफाय कार्डाचं तेच. त्याच्या आत स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालतो, फर्मवेअर. बऱ्याच कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो, ड्रायव्हर प्रत्येक वेळी वरून ओततो. पुरवठा तुटला की फर्मवेअर पुसलं जातं. ड्रायव्हरला वाटलं ‘ते अजून आत असेलच’, की झालं! वीज आहे, कार्ड आहे, नेट नाही.

अडतं कुठे?

लक्षणावरून ओळखा.

पहिलं: कार्डच दिसत नाही. सिस्टमच्या यादीतून वायफायचं नावच उडालेलं. इथे बहुतेकदा कार्डाला परत वीज मिळालेली नसते किंवा जागं व्हायला वेळ कमी पडलेला असतो. नियमाप्रमाणे डी-थ्री-हॉटमधून उठवल्यावर किमान १० मिलीसेकंद थांबावं लागतं. काही उपकरणांना तेवढंही पुरत नाही, म्हणून लिनक्समध्ये अशा हट्टी उपकरणांची वेगळी यादीच ठेवलेली आहे. झोपलेल्या कार्डाला प्रोसेसरने प्रश्न विचारला तर उत्तरात सगळे एकच येतात, म्हणजे रिकाम्या घराचा दरवाजा ठोठावल्यासारखं.

दुसरं: कार्ड दिसतंय, पण नेटवर्कची यादी रिकामी. हा फर्मवेअरचा किंवा ड्रायव्हरचा घोळ, आपला पंप. आमच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं.

तिसरं: ‘कनेक्टेड’ दिसतंय, पण पान उघडत नाही. इथे कार्ड बहुधा जागं असतं. मधल्या काळात राउटरने त्याला विसरून टाकलेलं असतं. वायफाय बंद करून चालू केलं की बहुतेक वेळा भागतं.

तुम्ही म्हणाल, माझा फोन तर दिवसभर झोपतो-उठतो, त्याला असं का होत नाही? फोनचा प्रोसेसर झोपला तरी वायफायची चिप डुलकी घेत घेत जागी राहते. राउटर साधारण सेकंदाला दहा वेळा ‘मी आहे’ असा संदेश सोडतो. चिप अधूनमधून तेवढ्यापुरती उठते, तुझ्यासाठी काही आलंय का बघते आणि पुन्हा झोपते. शिवाय फोनमध्ये चिप, ड्रायव्हर आणि सिस्टम एकाच कंपनीने एकत्र तपासलेली असते. लॅपटॉपमध्ये कार्ड एकाचं, बायोस दुसऱ्याचं, सिस्टम तिसऱ्याची. निरोप पोहोचवताना तिघांपैकी एकजण चुकला तरी कार्ड झोपलेलंच राहतं.

आता करायचं काय?

एक. आधी खरंखुरं बंद करा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते अर्धवट झोपवणंच असतं. शिफ्ट बटण दाबून धरून शट डाउन करा. मग चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. नुसत्या रिस्टार्टने कार्डाची वीज तुटेलच असं नाही, म्हणून त्या दिवशी आमचं रिस्टार्ट वाया गेलं. आता चालू करा. वायफाय आलं? अभिनंदन, कार्ड जिवंत आहे.

दोन. खात्री करा. झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा. पुन्हा गेलं तर दोष झोपेतून उठण्याचा आहे हे जवळपास पक्कं. दुकानात गेलात तरी हे सांगता येईल.

तीन. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये तुमचं वायफाय कार्ड शोधा, प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट. तिथे ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा भाग दिसतच नाही, तेव्हा तुमचं काही चुकलं असं समजू नका. आणि अडलंच, तर तिथेच कार्ड ‘डिसेबल’ करून परत ‘एनेबल’ करून बघा. पंपात बादली ओतण्याचा हाच प्रकार.

चार. ड्रायव्हर आणि बायोस अपडेट करा, तेही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच. ‘फ्री ड्रायव्हर डाउनलोड’वाल्या साइटांच्या वाटेला जाऊ नका. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा. आमच्यासारख्या लाइट जाणाऱ्या गावात तर बॅटरीही भरलेली ठेवा, अपडेट मध्येच तुटलं तर लॅपटॉप सुरूच न होण्याची भीती असते.

पाच. लिनक्सवाल्यांनो, आधी डीमेसग वाचा. उठण्याच्या क्षणाच्या ओळी बघा. ‘डी-थ्री-कोल्डमधून डी-झिरोमध्ये जाता येत नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर चोर सापडला. नाहीतर मोडप्रोबने वायफायचं मॉड्यूल काढा आणि परत घाला. याने जमलं तर सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा, म्हणजे झोपताना मॉड्यूल निघेल आणि उठताना आपोआप बसेल.

सहा. काहीच जमलं नाही तर स्लीपऐवजी हायबरनेट वापरा. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर जातं, मशीन पूर्ण बंद होतं आणि उठताना कार्ड पहिल्यापासून तयार केलं जातं. थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

यातल्या तिसऱ्या उपायाची किंमतही आहे. कार्ड झोपवू दिलं नाही तर बॅटरी थोडी जास्त जाते. त्यामुळे आधी एक, दोन, चार करून बघा. नाहीच जमलं तर तीन.

आणि एवढं सगळं करून पूर्ण बंद-चालू केल्यावरही कार्ड दिसत नसेल, तर मात्र ते खरंच गेलं असू शकतं. मग दुकान गाठा.

आमच्या लॅपटॉपचं काय झालं? ड्रायव्हर दोन वर्षं जुना होता. नवा टाकला, तेव्हापासून झाकण लावा-उघडा, वायफाय येतंय. खर्च शून्य. बहिणीला प्रवेश मिळाला, आता ती हॉस्टेलला तोच लॅपटॉप वापरते. जाताना मी तिला एकच गोष्ट बजावली: मुदतीचा फॉर्म असेल त्या दिवशी झाकण लावायचंच नाही, आणि मोबाइलवर लॉगिन आधीच करून ठेवायचं.

तुमच्या वर्गात, मेसमध्ये कोणीतरी ‘माझं वायफाय कार्ड गेलं’ म्हणत नवा डोंगल घ्यायला निघालं असेल, त्याला हा एपिसोड पाठवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर पाऊसही उघडला असेल.