पदकाला समुद्र लागत नाही

चीनमधल्या निंगबोच्या पाण्यात मंगळवारी, 26 सप्टेंबर 2023 ला, नेहा ठाकूरने शिडाच्या नौकेच्या शर्यतीत आशियाई स्पर्धेचे रौप्यपदक मिळवले आणि ‘शेतकऱ्याच्या मुलीचे यश’ अशा मथळ्यांनी बुधवारचे अंक भरून गेले. त्याच दिवशी इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्य घेतले, दुसऱ्या दिवशी विष्णू सरवणनने आणखी एक. बातम्यांत जे दोन ओळींत उरकले गेले, ते मेळघाटातल्या धारणीकरांनी तरी थांबून वाचायला हवे. नेहा देवास जिल्ह्यातल्या अमलाताज गावची. मेळघाटातून उत्तरेकडे सातपुडा उतरला आणि नर्मदा ओलांडली की लागणारा हा मुलूख. समुद्र तिथूनही जवळपास धारणीइतकाच लांब. ती नाव चालवायला शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर, मध्य प्रदेश सरकारच्या अकादमीत.

हा एखादा योगायोगही नव्हे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सोळा वर्षांच्या हर्षिता तोमरने कांस्यपदक आणले, ती होशंगाबादची, आणि घडली त्याच भोपाळच्या तलावावर. ज्या राज्याला समुद्रकिनाराच नाही, ते राज्य शिडाच्या खेळात पदकांमागून पदके आणते, याचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच सापडते.

शिडाची नौका म्हटले की पांढरे कपडे, सावकाश सरकणारी होडी आणि निवांत बसलेली श्रीमंत माणसे डोळ्यांपुढे येतात. शर्यतीच्या नावेत निवांत बसायला जागाच नसते. नेहा ज्या प्रकारात उतरली ती आयएलसीए, जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून ‘लेझर’, ही एकट्याने चालवायची नाव 4.23 मीटर लांब आणि 59 किलोंच्या आसपास वजनाची असते. वारा शिडावर आदळला की ती एका बाजूला कलंडू लागते आणि कलंडलेली नाव वेग गमावते. तिला सपाट ठेवायला हाताशी एकच वजन असते, ते म्हणजे स्वतःचे अंग. खेळाडू काठावर मांड्या टेकवतो, पावले नावेच्या तळाशी ताणून बांधलेल्या पट्ट्याखाली अडकवतो आणि कमरेपासून वरचे सगळे शरीर पाण्यावर बाहेर झोकून देतो. याला ‘हायकिंग’ म्हणतात. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. ती दोरी सतत खेचायची आणि सैल सोडायची, कारण वारा एकसारखा कधीच वाहत नाही. लाटेचे पाणी तोंडावर येत असते, पण नजर पुढच्या पाण्यावर खिळलेली. झुळूक जिथे उतरते तिथे पाणी काळसर दिसते, आणि तो काळसर पट्टा नावेपर्यंत पोचण्याआधी अंग बाहेर गेलेले असावे लागते.

मांड्यांवर काय गुदरते ते घरीच कळेल. पाठ भिंतीला टेकवून, गुडघे काटकोनात ठेवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे बसून पाहावे. दीड-दोन मिनिटांत मांड्या थरथरू लागतात. स्नायू आकसलेल्या अवस्थेत तसाच धरून ठेवला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पुरेसे पोचत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि आग सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला खेळाडू जवळजवळ स्थिर दिसतो. त्याचे हृदय मात्र चढण चढणाऱ्या माणसासारखे धडधडत असते. एक शर्यत सुमारे पन्नास मिनिटांची. वाऱ्याच्या तोंडावर नाव सरळ जाऊच शकत नाही, त्यामुळे त्या टप्प्यात नागमोडी जावे लागते आणि प्रत्येक वळणाला शिडाखालून वाकून दुसऱ्या काठावर जाऊन पुन्हा तेच. अशा दोन-तीन शर्यती दिवसात, आणि असे कित्येक दिवस.

म्हणूनच हे खेळाडू जमिनीवरही काठासारख्या बाकावर पाय अडकवून लटकतात, तासन्‌तास सायकल मारतात आणि वजनाकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. हलके अंग जोराच्या वाऱ्यात नाव दाबून ठेवू शकत नाही, जड अंग मंद वाऱ्यात मागे पडते. नावेचा सांगाडा तोच ठेवून शीड लहान-मोठे करण्याची सोय त्यासाठीच आहे. नेहाच्या आयएलसीए-4 ला 4.7 चौरस मीटरचे शीड, विष्णूच्या आयएलसीए-7 ला सात चौरस मीटरचे.

गुणांची पद्धतही दमाची परीक्षा पाहणारी. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे वाढत जायचे, सर्वांत वाईट शर्यत वगळायची आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. नेहाच्या 11 शर्यती झाल्या आणि वजावट करून 27 गुण उरले. कांस्य मिळवणाऱ्या सिंगापूरच्या मुलीचे 28. विष्णूचे 34, आणि रौप्य नेणाऱ्या कोरियाच्या हा जी-मिनचे 33. म्हणजे अकरांपैकी एखाद्या शर्यतीत, थकलेल्या पायांनी, एकच नाव मागे टाकता आली किंवा आली नाही, एवढ्यावर पदकाचा रंग ठरला.

या खेळाची ओढ लागते ती इथेच. सगळ्यांच्या नावा सारख्या, त्यामुळे पैशाने वेग विकत घेता येत नाही. पाण्यावर प्रत्येकाच्या मागे पंच नसतो. चूक झाली तर खेळाडू स्वतःच नाव गोल फिरवून दंड भरतो आणि पुढे निघतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना इतका प्रामाणिकपणा शिकवणारे खेळ फार नाहीत.

आता महाराष्ट्राकडे पाहावे. 720 किलोमीटरचा किनारा आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे. 1982 च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्ण जिंकले. विष्णूसारख्या लष्करी खेळाडूंचे केंद्र आजही कुलाब्यात आहे. समुद्रापासून दूर, खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडे हाताळतात. पण हे सगळे क्लबांत, लष्करात आणि नौदलात. गावातल्या मुलीला वसतिगृह, नाव आणि प्रशिक्षक देणारा भोपाळसारखा दरवाजा या राज्यात दिसत नाही, आणि ही उणीव भरून निघायलाच हवी. नवी नाव काही लाखांत जाते. ती शेतकरी बापाने घ्यावी अशी अपेक्षाच चुकीची.

पाण्याची सबब तर मुळीच चालणार नाही. देशात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचा अफाट जलाशय आहे, अकोल्यात महानचे काटेपूर्णा धरण आहे. डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर वारा सारखा दिशा बदलतो, आणि तो वाचायला शिकलेली मुले समुद्रावर गेली की त्यांना लाटा तेवढ्या नव्याने शिकायच्या उरतात. अंगाचे म्हणाल, तर 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत शरीरे घडवते आहे आणि त्याचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले आहे. मल्लखांबावर मांड्यांच्या पकडीने अंग तोलणाऱ्या मुलाला हायकिंग शिकवायला फार वेळ लागेल असे वाटत नाही.

धारणीत आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. आदिवासी विकास विभागानेच 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचवली. त्या मुलांपैकी कुणाच्याही अंगणात बर्फ नव्हता. सिपनेकाठच्या हरिसालची दहा-अकरा वर्षांची दहा मुले मोर्शीला आणून आधी नीट पोहायला शिकवणे त्याहून पुष्कळ सोपे. दर पावसाळ्यात धरणांत बुडणाऱ्या मुलांच्या बातम्या वाचल्या, तर तेवढे शिक्षणही वाया जाणार नाही. पुढे जीवरक्षक जाकीट, मग ऑप्टिमिस्ट. जगभरची मुले पंधराव्या वर्षापर्यंत ज्या 2.3 मीटरच्या चौकोनी तोंडाच्या नावेवर शिकतात, ती 1947 साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी आखली, आणि हाती साधे प्लायवूड असले तरी बांधता यावी अशीच आखली. शर्यतींत आता फायबरच्या नावा उतरतात, पण शिकायला प्लायवूडची चालते, आणि ती मोर्शीचा सुतारही करील.