तळणीचा फोटो आणि सूर्यावरचे डाग

‘सूर्याचा फोटू काढून त्यात दिसन काय?’ गावात हा विषय काढला तर पारावरचं कुणीतरी हमखास असं विचारेल. त्याला सांगावं, याच फोटोपायी विलायतेची माणसं आपल्या वर्धा नदीकाठी येऊन राहिली होती.

22 जानेवारी 1898 ला खग्रास ग्रहणाची सावली या भागावरून गेली. पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स यांचा तळ होता. नदीपलीकडे तळणीला हौशी निरीक्षकांच्या ब्रिटिश संस्थेची तुकडी. तीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी. ग्रिनिचच्या वेधशाळेत ॲनीबाई सूर्याच्या रोजच्या फोटोंवरून डाग मोजत. 1895 मध्ये लग्न झालं आणि तिथल्या नियमापायी नोकरी गेली. नाद गेला नाही. तळणीला त्यांनी दीड इंची भिंगाचा आपला कॅमेरा लावला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची! तेवढ्यात प्रभामंडळाचा साठ लाख मैलांच्या घरातला किरण त्यांच्या काचेवर उमटला. एवढा लांब किरण तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता. पुढे 1904 मध्ये, रोजच्या नोंदींवरून, डाग अकरा वर्षांच्या चक्रात विषुववृत्ताकडे कसे सरकतात त्याचा फुलपाखरासारखा आलेख या जोडप्याने मांडला.

डाग म्हणजे काही खड्डा नव्हे. तिथलं जबर चुंबकत्व खालून येणारी उष्णता अडवतं. भोवतीच्या साडेपाच हजार अंशांपेक्षा तो भाग दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळा दिसतो. मोठ्या डागात अख्खी पृथ्वी मावते. मे 2024 मध्ये अशाच डागांच्या एका समूहातून उठलेल्या वादळाने लडाखातलं रात्रीचं आकाश लाल झालं होतं.

हे टिपायला मोठी वेधशाळा लागत नाही. पण एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच डोळ्याला लावू नका. दृष्टिपटल जळताना दुखत नाही, कळतं ते उशिरा. दुर्बिणीतून तर क्षणभरही सूर्याकडे बघायचं नाही. साधी दुर्बीण तिकाटण्यावर बांधा, एक भिंग झाका, दुसऱ्यातून सूर्याचं बिंब मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडा. पुठ्ठ्यावर सावली राहील अशी सोय करा. आता मोबाईलने फोटो काढायचा तो पुठ्ठ्याचा, सूर्याचा नव्हे. भिंग तापतं, तेव्हा मिनिट-दोन मिनिटांनी दुर्बीण वळवा. पोरांना तिच्याजवळ एकटं सोडू नका, कुणी ना कुणी डोळा लावतंच.

वेळ सकाळची धरा. आपल्याकडे दहा वाजले की जमीन तापते, हवा थरथरते आणि बिंबाची कडा उकळल्यासारखी दिसते. डाग रोज थोडा सरकलेला दिसेल, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्याला सुमारे तेरा दिवस लागतात. शाळेच्या वहीत तारीख, वेळ आणि डागांची जागा रोज लिहावी. पावसाळ्यात ढग असले तर त्या दिवसाचं पान कोरं ठेवावं, अंदाजाने ठिपके काढू नयेत.