उंटाचा माज आणि घरचा दोष

कच्छकडचे रबारी मेंढ्यांचे कळप आणि उंटांवर लादलेला संसार घेऊन आपल्या विदर्भात फिरतात. एका हिवाळ्यात असाच एक कळपवाला तापाने फणफणलेले पोर घेऊन माझ्या दवाखान्यात आला. बाहेर त्याचा उंट दात खात उभा होता. तोंडाला फेस, आणि मधूनच गुलाबी फुग्यासारखी पिशवी बाहेर येई. रोगी घाबरले. "पिसाळला नाही, माजावर आला आहे," कळपवाला हसून म्हणाला.

नर उंटाचा माज थंडीतला. दिवस लहान झाले की त्याच्या रक्तात पुरुषी संप्रेरक वाढते, मानेमागील ग्रंथींतून काळपट, उग्र वासाचा स्राव गळतो, खाणे कमी होऊन तो वाळतो. उन्हाळ्यात ही इच्छा ओसरते आणि वीर्यही खालावते. बिकानेरी, जैसलमेरी, कच्छी अशा जातींत थोडाफार फरक असतो, पण मुख्य हुकूम ऋतूचाच. जातीचा फरक आपल्या गोठ्यातही दिसतो: विदेशी होल्स्टीन वळूला आपला उन्हाळा देशी वळूपेक्षा जास्त बाधतो.

त्याच रांगेत लग्नाला सहा वर्षे झालेले एक जोडपे होते. सोबत सासूबाई. "हिची तपासणी करा. आमच्या खानदानात असा दोष नाही," त्या म्हणाल्या. मुलाचे दुसरे लग्न करण्याची बोलणी घरात सुरू होती.

माणसाला उंटासारखा हंगाम नाही. शुक्रजंतू बारा महिने तयार होतात. मात्र त्यासाठी वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड लागतात, म्हणून तर निसर्गाने ते बाहेर ठेवले. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत भट्टीजवळ राबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मलेरियासारख्या तापानेही वीर्य बिघडते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तापानंतरचा वाईट रिपोर्ट अंतिम मानू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. विडी, खर्रा, दारू आणि शरीर कमावण्याची इंजेक्शनेही घातक. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड किंवा वृषणातील फुगलेल्या शिरा हीही कारणे असतात.

माझी चूकही सांगतो. उमेदीच्या काळात एका बाईला मी दोन वर्षे तपासण्यांसाठी फिरवले. नवऱ्याचे वीर्य तपासले सर्वांत शेवटी, आणि दोष तिथेच निघाला. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काही कारण असते. पौरुष असणे आणि शुक्रजंतू पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून त्या दिवशी मी आधी मुलाच्या हाती चिठ्ठी दिली. सासूबाई रागावल्या, पण मुलगा गेला. शुक्रजंतू कमी निघाले.

वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून यावे. बायकोचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. तपासणी स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही. एवढ्यासाठी कुणाच्या लेकीचा संसार मोडू नये.