चकचकीत टाकी, पण धातू कुठला? व्हेपच्या ‘रिबिल्डेबल टँक’ची बनावट समजून घेताना

धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात, देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप. पवारांच्या या दोन जुन्या संस्थानांतल्या मराठी घरांना आटे, सील, टॉलरन्स हे शब्द नवे नाहीत. लेथवर हात बसलेल्या माणसापुढे व्हेपची टाकी ठेवली, तर तो ती तोंडाला लावणार नाही. आधी झाकण फिरवून बघेल. तीच पद्धत इथे वापरू.

‘रिबिल्डेबल टँक’ म्हणजे काय? जुन्या वाड्यातली गुडगुडी आठवा. चिलीम, नळी, पाण्याचं भांडं असा प्रत्येक भाग सुटा करून धुता यायचा, बदलता यायचा. ही टाकी तशीच सुटी होते, फक्त निखाऱ्याच्या जागी विजेवर तापणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल असते. साध्या व्हेपमध्ये तयार कॉइल टाकून द्यायची. इथे वापरणारा कांथल, निक्रोम किंवा स्टेनलेसची तार स्वतः गुंडाळतो, दोन खांबांत स्क्रूने आवळतो आणि मधून कापूस ओवतो. कापूस द्रव शोषतो, तार तो तापवते, वाफ वर येते.

आता बनावट. चांगल्या टाकीचे आटे हाताने, न अडखळता बसतात. ते करकरत असतील तर आत बर राहिली आहे, आणि ती कीस होऊन द्रवातच पडणार. खांबांचे स्क्रू मऊ धातूचे असले की चार-पाच वेळा आवळल्यावर खाच झिजते. स्क्रू सैल, तर तार सैल, आणि मग एकाच जागी जास्त ताप. ओ-रिंग कोरडी किंवा ढिली असेल तर गळती ठरलेली.

पण गळतीचा सगळा दोष ओ-रिंगला देऊ नये. कोंबड्यांना पाणी पाजायचं उपडं भांडं पाहिलंय? वरून हवा शिरत नाही म्हणून पाणी सांडत नाही, प्यायलं तेवढंच खाली येतं. टाकीही याच तत्त्वावर चालते. कापूस कमी भरला की द्रव हवेच्या भोकातून खाली येतो. जास्त ठासला की कॉइल कोरडी पडते, कापूस करपतो आणि श्वासातून फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी रसायनं आत जातात. हवेची भोकं तळाला ठेवली की चव बरी लागते पण गळतीची शक्यता वाढते, वर ठेवली की उलट. दोन्ही एकदम साधल्याचा दावा जाहिरातीतच असतो.

खरा धोका मात्र तळाच्या पिनेत आहे. टाकी बॅटरीच्या नळीवर बसते ती 7 मिलिमीटर व्यासाच्या, अर्धा मिलिमीटर पिचच्या आट्यांवर. मधली पिन धन टोकाची, बाहेरचं कवच ऋण टोकाचं. काही यांत्रिक नळ्यांत मध्ये सर्किट नसतं, टाकी थेट सेलला टेकते. अशा वेळी पिन आट्यांच्या कडेपेक्षा पुढे आलेली नसेल, तर कवचच सेलच्या धन टोकाला लागतं आणि शॉर्ट सर्किट होतं. लिथियम सेल तोंडापासून वीतभर अंतरावर आहे, हे लक्षात घ्या. पिन ठीक असली तरी हिशेब सुटत नाही. पूर्ण भरलेल्या सेलचे 4.2 व्होल्ट, कॉइल 0.5 ओहमची, तर प्रवाह 8.4 अँपिअर. तीच कॉइल 0.15 ओहमची गुंडाळली की 28 अँपिअर. इतका प्रवाह प्रत्येक सेलला झेपत नाही.

इथपर्यंतचं सगळं डोळ्यांना आणि बोटांना कळतं. धातू कळत नाही. चुंबक लावून बघतात, पण 304 किंवा 316 जातीचं स्टेनलेसही चुंबकाला सहसा चिकटत नाही आणि मुलामा दिलेलं पितळही नाही. म्हणजे चाचणीच फुकट. आतल्या आट्यांवर ओरखडा काढल्यावर पिवळं दिसलं तर पितळ, इतकंच. आणि लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळात अनेकदा शिसं मिसळलेलं असतं, हे कुठलाही टर्नर सांगेल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2018 साली 56 जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातूंचं प्रमाण अगदी कमी होतं, टाकीत कॉइलशी संबंध आल्यावर त्याच द्रवात शिसं, निकेल, क्रोमियम वाढलेलं आढळलं. वाफेतही ते उतरलं होतं.

पंप खराब निघाला तर बिल दाखवून बदलून घेता येतो. या टाकीचं बिल भारतात मिळणारच नाही. 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळ्यालाच मनाई आहे, आणि ती ‘संपूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग’ अशा शब्दांत. द्रवात निकोटिन नाही, ही सबबही चालत नाही. त्यामुळे ‘आम्ही फक्त रिकामी टाकी विकतो’ म्हणणारा दुकानदार देवासचा असो, बेळगावचा असो की सोलापूरचा, कायदा एकच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा 50 हजारांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरात कुणाकडे अशी टाकी सापडली, तर आधी सेल वेगळा काढून ठेवावा. नाणी-किल्ल्यांच्या खिशात तर मुळीच नको. तंबाखू किंवा निकोटिन सोडायचं असेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : 1800-11-2356.