उड्या मारणाऱ्या लहरी

लोकलच्या डब्यात तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. दहा-बारा जण कानांत बिनतारी इयरफोन घालून बसलेले असतात. कोणी गाणी ऐकतो, तर कोणी घरी बोलतो. सर्वांचे ब्लूटूथ इयरफोन रेडिओ लहरींचा एकच पट्टा वापरतात. तरीही एकाच्या गाण्यामुळे दुसऱ्याचे बोलणे सहसा बिघडत नाही. असे का होते?

आधी 'वारंवारता' हा शब्द समजून घेऊ. लहर एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते, तितकी तिची वारंवारता असते. आकाशवाणीचे प्रत्येक केंद्र आपल्या ठरलेल्या वारंवारतेवर बोलते. परंतु कोणी त्याच वारंवारतेवर मुद्दाम गोंगाट केला, तर संदेश बुडतो.

दुसऱ्या महायुद्धात हाच धोका होता. टॉर्पेडोला रेडिओने दिशा दाखवायची म्हटले, तर शत्रू ती वारंवारता शोधून संदेश बिघडवू शकत होता. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाईल यांनी यावर एक उपाय मांडला. संदेश पाठवणारे व घेणारे यंत्र यांनी एकाच वेळी, एकाच गुप्त क्रमाने वारंवारता बदलत राहावी! त्यासाठी त्यांनी स्वयंचलित पियानोत असते तशी, भोके पाडलेली कागदी पट्टी योजली. पियानोच्या ८८ पट्ट्यांप्रमाणे वारंवारताही ८८ ठेवल्या. ११ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. नौदलाने युद्धात ही युक्ती वापरली नाही. पण तिच्यातले तत्त्व टिकले. त्याला 'फ्रिक्वेन्सी हॉपिंग', म्हणजे वारंवारतेच्या उड्या, असे म्हणतात. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत ७९ वारंवारता असून सेकंदाला १६०० उड्या मारल्या जातात.

आता खरा प्रश्न पाहू. अनेक जोड्या एकदम बोलू लागल्या, तर त्यांची टक्कर कशी टाळायची? समजा, तीनच वाटा आहेत. सलमा आणि आयेशा १-२-३ या क्रमाने उड्या मारतात. इम्रान आणि फहीम २-३-१ या क्रमाने जातात. सर्वांचा ठोका जुळला, तर टक्कर होत नाही. पण इम्रानची जोडी एक ठोका उशिरा निघाली, तर? वहीत मांडून पाहा. दोन्ही जोड्या प्रत्येक ठोक्याला एकाच वाटेवर येतील आणि कोणाचेच बोलणे पोहोचणार नाही. अनोळखी माणसांची घड्याळे नेहमी कशी जुळणार?

म्हणून इम्रानच्या जोडीला १-३-२ हा उलटा क्रम देऊ. आता ती कितीही ठोके उशिरा निघाली, तरी दर तीन ठोक्यांत एकदाच टक्कर होते. लागोपाठ दोनदा कधीच होत नाही. मग प्रत्येक शब्द लागोपाठच्या दोन ठोक्यांना, दोनदा पाठवावा. एक हरवला, तरी दुसरा पोहोचतोच!

हे केवळ कोडे नाही. २००२ साली अमेरिकेने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झ हा प्रचंड रुंद पट्टा अतिशय क्षीण लहरींसाठी खुला केला. त्याला 'अल्ट्रा-वाइडबँड' म्हणतात. २००५ मध्ये आलेल्या एका मानकाने त्याचे ५२८ मेगाहर्ट्‌झचे १४ भाग केले आणि तीन-तीन भागांत उड्या मारण्यासाठी १-२-३, १-३-२ असेच क्रम ठरवले. शब्द दोनदा पाठवण्याची सोयही त्यात होती. त्या पद्धतीची उपकरणे बाजारात टिकली नाहीत. आज काही मोबाईल फोन हा पट्टा वस्तूचे अंतर व दिशा शोधण्यासाठी वापरतात. ते मात्र अतिसूक्ष्म स्पंदांनी.

मित्रांनो, हवेतल्या वाटा मोजक्या आहेत आणि बोलणारे अनेक. येथे मोठ्याने ओरडणाऱ्याचा उपयोग नाही, कारण त्याने सर्वांचेच बोलणे बुडते. एका वाटेवर अडून न बसता, आपला क्रम पाळून पुढे सरकत राहिले, की सर्वांचे बोलणे पोहोचते.